दोन आखूड शिट्ट्या

हॅरल्ड क्विग मेला, हे केस्टर टर्मिनलमध्ये सात वाजून दहा मिनिटांनी सगळ्यांना कळलं, आणि सव्वासातपर्यंत एकानंही डोक्यावरची टोपी काढली नव्हती.

क्विग हा टर्मिनलचा सुपरिंटेंडेंट. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरून मालगाडीचे डबे तराफ्यावर चढवायचे, टग या छोट्या ओढबोटीनं तो तराफा खाडी ओलांडून ब्रुकलिनला ढकलत आणायचा आणि इथे काठावरच्या, रूळ बसवलेल्या पुलाला जोडून इंजिननं डबे उतरवून घ्यायचे, एवढंच या धक्क्याचं काम. त्या कामात अकरा वर्षं क्विगनं माणसांची सालं काढली होती. आता तो तेवीस नंबरच्या तराफ्याच्या पाण्याकडच्या टोकाला उभ्याउभ्याच चिरडला गेला होता. पाठ लोखंडी अडसराला, छाती डब्याच्या जोडाला.

डिटेक्टिव्ह सार्जंट अँब्रोज केहिल आठच्या सुमाराला आला. नोव्हेंबर एकोणपन्नासचा तो दिवस, धुकं इतकं की फाटकातून पूल दिसत नव्हता. फाटकाजवळ गुड्रूनबाईची खानावळ. तिच्या मागच्या अंगणात समुद्रपक्ष्यांनी उच्छाद मांडला होता. तळलेल्या अंड्यांवरून मारामारी चालली होती.

"पाखरांची चंगळ आहे आज," केहिल म्हणाला. पोलीस शिपाई होता तेव्हा याच धक्क्यावर त्याची गस्त असे, त्यामुळे बाई त्याला अजून शिपाईच समजायची.

"चंगळ कसली! बारा अंडी वाया गेली माझी," गुड्रूनबाईनं कॉफी त्याच्या हातात कोंबली. "फोडली, तळली, आणि खायला कुणी नाही. थंडगार चामडं झालं त्यांचं. वीस वर्षांत पहिल्यांदा माझी वेळ चुकली बघ. म्हातारी झाले दुसरं काय."

"आणि क्विग?"

"त्याच्यासाठी एक अंडंही फोडलं नसतं मी," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

तराफ्यावर असिस्टंट सुपरिंटेंडेंट विन्स्लो प्रेंटिस वाटच बघत होता. कोट नवा, बूट नवे, आणि आता बहुधा हुद्दाही नवा.

"सरळ अपघात आहे, सार्जंट," तो म्हणाला. "तराफ्यावर तीन रूळ, प्रत्येकावर सहा डबे. डब्यांचे ब्रेक आवळायचे, चाकांना पाचर मारायची, हे तराफ्यावरच्या माणसाचं काम. तो माणूस म्हणजे टोरव्हाल्ड रुस्टाड. त्यानं मधल्या रुळावर हयगय केली. तराफा पुलाला धडकला, डबा सुटला, क्विगसाहेब सापडले. संपलं."

केहिल मधल्या रुळाच्या कडेनं टोकापर्यंत चालत गेला. सहाही डबे एकमेकांना घट्ट भिडलेले होते. पाचरी कुठेच नव्हत्या. ब्रेकची चाकं सैल होती, सहाच्या सहा.

"तराफा पुलाला कुठल्या बाजूनं लागतो?"

"जमिनीकडच्या. अर्थात."

"प्रेंटिससाहेब, तुम्ही बसमध्ये उभे आहात आणि ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. तुम्ही कुठे पडाल, पुढे की मागे?"

"पुढे."

"मग तराफा पुलाला धडकल्यावर डबा जमिनीकडे धावेल. क्विग पाण्याकडच्या टोकाला मेलाय. डबा उलटा कसा धावला?"

प्रेंटिस वळून डब्यांच्या रांगेकडे बघू लागला.

"आणि टग किती वाजता सुटला?"

"साडेसहाच्या आत. पुलावरचा माणूस खुंट्या ठोकून पाळी संपवून घरी गेला."

"क्विग फाटकातून आला सहा पस्तीसला. साहेबांच्या येण्याची वेळ पहारेकरी वहीत लिहितो. म्हणजे धडक बसली तेव्हा तो आलाच नव्हता." केहिलनं कॉफीचा शेवटचा घोट घेतला. "हे सहाही डबे जमिनीकडून ढकललेत. इंजिननं. फार नाही, चारपाच फूट."

मेलेल्याच्या मुठीत एक छोटी वही होती. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं: मधला रूळ, शेवटचा डबा, सील तुटलंय, रुस्टाड. केहिल वाकला. शेवटच्या डब्याच्या दाराचं शिशाचं सील जसंच्या तसं होतं.

प्रेंटिसनं खांद्यावरून वाकून वाचलं आणि त्याचा आवाज एकदम चढला. "बघा! साहेबांनी त्याला चोरीत पकडलं! मग अपघात नाही, खून! तीस वर्षं धक्क्यावर काढलेल्या माणसाला इंजिन चालवता येत नसेल होय? मी तुमच्या कॅप्टनना फोन करतो."

त्यानं केलाही. नऊ वाजता कॅप्टनचा निरोप आला: बारापर्यंत दुसरं काही सापडलं नाही, तर रुस्टाडला खुनाच्या आरोपाखाली आत घ्या. न्यूयॉर्कमध्ये त्या आरोपाच्या शेवटी विजेची खुर्ची असते.

खरं सांगायचं तर केहिलला क्षणभर बरं वाटलं. त्याला कारण होतं.

पाच वर्षांपूर्वी, चव्वेचाळीस साली, याच पुलाला नऊ नंबरचा तराफा लागला होता. तराफ्याचा तोल म्हणजे नाजूक मामला. एका बाजूचे थोडे डबे काढायचे, मग दुसऱ्या बाजूचे, मग पुन्हा पहिल्या. शिवाय डबे हलवण्याआधी इंजिननं दोन आखूड शिट्ट्या द्यायच्या, म्हणजे तराफ्यावरचा माणूस पुलावर पळून येतो. त्या दिवशी क्विगला घाई होती. त्यानं डाव्या रुळावरचे सगळे डबे एका दमात ओढायला लावले. तराफा कलंडला, उजवीकडचे सहा डबे पाण्यात गेले आणि त्यांच्याखाली एलिओ गाल्लो नावाचा माणूस गेला. साखळी आवळत होता बिचारा.

चौकशीत एकच प्रश्न होता, शिट्टी झाली होती का? क्विग म्हणाला, झाली. इंजिन चालवणारा म्हणाला, आठवत नाही. मग टोरव्हाल्ड रुस्टाड उभा राहिला आणि शपथेवर बोलला, "शिट्टी मी ऐकली. दोन आखूड." झालं. मेलेल्यानं शिट्टी ऐकून दुर्लक्ष केलं असं ठरलं. क्विग सुटला, रुस्टाडची नोकरी टिकली आणि दोष एलिओबरोबर पुरला गेला.

शिपाई केहिल त्या दिवशी चौकशीच्या दारात उभा होता. बोलताना रुस्टाडच्या हातातली टोपी पिळवटून निघत होती, ती त्यानं पाहिली होती. शिपायाला कोण विचारतो? पण तो विसरला नव्हता.

आता रुस्टाड ऑफिसात बसला होता. शेजारी साडेसातपासून पोलीस शिपाई, आणि त्याला सक्त ताकीद होती की याच्याशी कुणाला बोलू द्यायचं नाही. एकसष्ट वर्षांचा, रुंद हाडाचा माणूस. 

"ब्रेक आवळले होते?"

"सगळे, साहेब. पाचरी दोन्हीकडून मारल्या होत्या. आईशप्पथ."

"तुझ्या शपथा मी ऐकल्यात. मग त्या गेल्या कुठे?"

"कुणी तरी काढल्या. तराफा बांधून झाल्यावर मी पुलाजवळच्या खोलीत शेगडीपाशी हातमोजे वाळवत बसलो होतो. सातला काम सुरू होणार होतं."

"क्विगला आलेला पाहिलंस?"

"नाही. धुकं होतं."

"इंजिन?"

रुस्टाड खालच्या मानेनं म्हणाला, "शिट्टी ऐकली, साहेब. दोन आखूड. पावणेसातच्या आसपास. मला वाटलं, आज लवकर सुरू केलं. बाहेर आलो तर इंजिन धुक्यातून मागे जात होतं. कोण होतं ते दिसलं नाही. हे अजून कुणालाच सांगितलेलं नाही."

केहिल त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"तुला शिट्ट्या नेमक्या सोयीच्या वेळी ऐकू येतात, रुस्टाड."

"आज खरंच ऐकली," म्हातारा म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "आज खरंच ऐकली हो. पण माझं कोण खरं मानणार?"

त्यातला 'आज' केहिलच्या कानात बसला.

इंजिन शेडसमोर उभं होतं. पुलावर इंजिनचा भार पडू नये म्हणून पुढे तीन रिकामे सपाट डबे जोडलेले. या डब्यांनीच इंजिन तराफ्यापर्यंत हात पोचवतं. चालक रॉको यानुत्सी आपल्या जागेवर बसून पाव खात होता. चाळिशीचा, काळ्या दाट भुवयांचा. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या यार्डातून बदली मागून इथे आला होता.

"किती वाजता आलास?"

"सातला. त्याआधी आलो तर कंपनी काय मला हार घालणार आहे?"

"इंजिनला कुलूप असतं?"

"इथे कशालाच कुलूप नसतं, सार्जंट. सगळ्यांना इंजिन हलवता येतं. म्हाताऱ्यालाही."

"क्विगबद्दल काय वाटतं?"

"देवानं उशीर केला, एवढंच."

"सकाळी कुणी काही ऐकलं का?"

रॉको हसला. पावाचा तुकडा त्यानं शांतपणे गिळला. "मी कुठे होतो ऐकायला? म्हाताऱ्याला विचारा. तो म्हणेल, शिट्टी झाली. त्याला नेहमीच ऐकू येते. पण त्याच्या शिट्टीवर विश्वास कोण ठेवणार?"

केहिलची नजर रॉकोच्या मागे भिंतीवर गेली. तिथे एक ब्रेकचा सोटा अडकवलेला होता. डब्यावरचं ब्रेकचं चाक आवळायला तराफ्यावरची माणसं असला जाड लाकडी दांडा वापरतात. मूठ हातानं गुळगुळीत झालेली, तिच्यावर एक छोटासा मासा कोरलेला.

"इंजिन चालवणाऱ्याला याची काय गरज?"

"उंदीर मारायला," रॉको म्हणाला.

केहिल खाली उतरला. खानावळीच्या मागे पक्षी अजून भांडत होते. तो थांबला, त्या अंड्यांकडे बघत राहिला आणि मग झपाझप आत गेला.

"गुड्रूनबाई, तुम्ही अंडी कधी फोडता?"

"हा काय प्रश्न झाला? काम सुरू झालं की. पहिले डबे तराफ्यावरून उतरले की माणसं इथे येतात, दहा मिनिटांत."

"आणि काम सुरू झालं हे तुम्हाला कळतं कसं? इथून तर काही दिसत नाही."

ती हसली. "अरे, वीस वर्षं…" आणि हसता हसता थांबली. तिच्या हातातलं फडकं ओट्यावर पडलं.

"अजून कुणाशी बोलू नका," केहिल म्हणाला. "आणखी एक सांगा. मुठीवर मासा कोरलेला सोटा कुणाचा?"

हे सांगायला तिला जरा वेळ लागला.

बारा वाजता त्यानं सगळ्यांना खानावळीतच बोलावलं. प्रेंटिस खुर्चीवर रुमाल टाकून बसला. रुस्टाडच्या दोन्ही बाजूंना शिपाई होते. रॉको दारापाशी भिंतीला टेकून उभा होता. गुड्रूनबाई ओट्यामागे होती, हाताची घडी घालून.

"कॅप्टननं दिलेली वेळ संपली," प्रेंटिसनं घड्याळ दाखवलं. "बेड्या घाला आणि आम्हाला कामाला लागू द्या."

"घालतो," केहिल म्हणाला. "आधी जरा ऐका. क्विगला शेवटच्या डब्यापाशी कुणी बोलावलं? सील तुटल्याचं खोटं सांगणाऱ्यानं. रुस्टाड स्वतःवरच चोरीचा आळ कशाला घेईल? सील तुटलं म्हटलं की क्विग अंगावर कोट न चढवताही पळत जायचा, माणूस पकडायची त्याला हौस. हे सगळ्यांना ठाऊक. ज्यानं सांगितलं त्यानं रुस्टाडचं नाव मुद्दाम घातलं. त्याला एक मारायचा होता आणि दुसरा अडकवायचा होता."

"पण शिट्टीची थाप तर हाच मारतोय!"

"थाप आहे का ते बघू. गुड्रूनबाई, आज बारा अंडी का फोडली?"

"शिट्टी ऐकली म्हणून," ती म्हणाली. आवाज खणखणीत होता. "दोन आखूड. मी घड्याळाकडे बघत नाही, शिट्टी झाली की माझा हात आपोआप टोपलीकडे जातो. तळून झाली तरी कुणी येईना, तेव्हा घड्याळ पाहिलं. सातला पाच मिनिटं कमी. मला वाटलं, मला भास झाला."

"गावची माणसं एकमेकांना सांभाळून घेणारच," प्रेंटिस पुटपुटला. "दोघं नॉर्वेचे ना?"

"सांभाळून?" गुड्रूनबाईनं रुस्टाडकडे पाहिलंही नाही. "एलिओची चौकशी झाल्यापासून मी याच्याशी एक शब्द बोललेले नाही. कॉफी देते, कारण कॉफी विकणं माझा धंदा आहे. हा मेला तर मी रडणार नाही. पण शिट्टी झाली होती."



"म्हणजे इंजिनवर कुणीतरी होतं आणि त्यानं शिट्टी दिली," केहिल सावकाश म्हणाला. "खून करणारा शिट्टी का देईल? एकाच कारणासाठी. ती रुस्टाडनं ऐकावी म्हणून. रुस्टाडनं ती ऐकावी, पोलिसांना सांगावी, आणि या धक्क्यावर कुणीही त्याच्यावर विश्वास ठेवू नये म्हणून. पाच वर्षांपूर्वी न झालेली शिट्टी यानं शपथेवर ऐकली होती. आज झालेली शिट्टी यानं शपथेवर सांगावी आणि खुर्चीत बसावं. असा हिशेब एलिओ गाल्लोच्या घरचा माणूसच करील."

तो भिंतीकडे वळला.

"रॉको, मी तुला विचारलं, कुणी काही ऐकलं का. तू म्हणालास, म्हातारा म्हणेल शिट्टी झाली. रुस्टाडनं ती गोष्ट फक्त मला सांगितली होती, बंद खोलीत. साडेसातपासून त्याच्याशी कुणी बोललेलं नाही. तो काय सांगेल हे तुला कसं कळलं?"

रॉकोनं खांदे उडवले.

"आणि तुझ्या इंजिनात मासा कोरलेला सोटा आहे. तो मासा एलिओनं या टेबलावर बसून कोरला होता. तो गेल्यावर आठवण म्हणून सोटा त्याच्या बायकोला दिला गेला. बायकोचं नाव कॉन्चेत्ता. तुझी धाकटी बहीण."

"क्विगनं चार वर्षांत माझं आडनावसुद्धा कधी विचारलं नाही," रॉको म्हणाला. भिंतीला टेकलेली पाठ त्यानं सरळ केली. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, उलट एक प्रकारचा आराम होता. "बाईचं ध्यानात नाही आलं. सगळ्यांचा विचार केला, एक बाई राहिली."

"क्विगला हलायला वेळ होता," केहिल म्हणाला. "शिट्टीनंतर."

"भरपूर! दहा आकडे मोजले मी. शिट्टी झाली की प्रत्येकानं तराफा सोडायचा, नियम आहे. पण क्विगसाठी कधी नव्हता. चार वर्षं बघत होतो, शिट्टी झाली की तो मान वर करायचा नाही. मजुरांसाठी असते म्हणायचा." रॉको दात दाखवून हसला. "एलिओला जे मिळालं नाही ते मी त्याला दिलं. त्यानं घेतलं नाही, मी काय करू?"

"ब्रेक सोडलेस, पाचरी पाण्यात टाकल्यास आणि सहा डबे त्याच्या छातीवर घातलेस. हे केलंस तू."

"हो. आणि पुन्हा करीन." त्याचं बोट रुस्टाडवर गेलं, आणि आता त्याचा आवाज फाटला. "पण हा सुटला, याचंच मला जास्त वाईट वाटतंय. क्विग जनावर होता, त्याच्याकडून काय अपेक्षा? हा एलिओच्या लग्नात जेवलाय! माझी बहीण पाच वर्षं मला एकच विचारते. रॉको, शिट्टी झाली होती का रे? झाली असेल तर तो का पळाला नाही? आमच्यावर रागावून गेला होता का? काय सांगू मी तिला? सांग की, म्हाताऱ्या! काय सांगू?"

रुस्टाड उठला. शिपायांनी त्याला अडवलं नाही. त्याच्या हातात टोपी होती आणि ती पुन्हा पिळवटली जात होती.

"नव्हती झाली," तो म्हणाला. "क्विगनं सांगितलं, शिट्टीत वेळ घालवू नका. मी पुलावर होतो. एलिओ माझ्याकडे पाठ करून होता. मी हाक मारीपर्यंत तराफा गेला होता. मला नोकरीची भीती वाटली. नव्हती झाली शिट्टी."

रॉको त्याच्यावर धावून जाईल असं सगळ्यांना वाटलं. तो गेला नाही. जवळच्या बाकावर तो बसला आणि दोन्ही हात त्यानं केहिलपुढे धरले. बेड्या घालताना तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "आता बोलला. आता बोलला हा."

गाडी रॉकोला घेऊन गेली. प्रेंटिस टेलिफोनकडे पळाला. रुस्टाड मोकळा होता, पण जागचा हलत नव्हता.

केहिलनं टेबलावर कागद आणि पेन ठेवलं. "लिही. जे आत्ता बोललास ते सगळं. खाली सही कर."

म्हाताऱ्यानं लिहिलं. बराच वेळ लागला. सही करून त्यानं कागद पुढे सरकवला.

"कुणाला देणार हा, साहेब? तुमच्या कॅप्टनला?"

"त्यांना नक्कल जाईल. हा तू द्यायचास. तिसरा रस्ता, चौथा मजला, डावीकडचं दार. कॉन्चेत्ता घरीच असते."

रुस्टाडनं हात मागे घेतला. "साहेब, तिच्या भावाला आज… मी तिच्यासमोर कसा जाऊ? त्यापेक्षा तुरुंग परवडला."

"ठाऊक आहे मला," केहिल म्हणाला. "म्हणूनच तुला पाठवतोय."

म्हातारा टोपी घालून उठला. तो दाराशी पोचला तेव्हा गुड्रूनबाई ओट्यामागून बोलली. पाच वर्षांतलं तिचं त्याच्याशी पहिलं वाक्य होतं ते.

"टोरव्हाल्ड, दार उघडलं की आधी शिट्टीचं सांग. बाकीचं नंतर."